एक फासा, शंभर गुण आणि ‘थांबू की टाकू’चे गणित

गणिताचा सराव म्हटला की मुलांच्या डोळ्यांसमोर उदाहरणांनी भरलेले पान उभे राहते, आणि त्या पानावरचे उत्तर बरोबर आले काय किंवा चुकले काय, वहीवरच्या शेऱ्यापलीकडे मुलाच्या जगात काहीच बदलत नाही. फाशाच्या खेळात तसे होत नाही. तिथे बेरीज चुकली तर आपलेच गुण बुडतात आणि अंदाज चुकला तर हातातोंडाशी आलेला डाव जातो, त्यामुळे कोणी न सांगता मूल पुन्हा एकदा मोजून पाहते. घरातल्या लहानथोरांना एकत्र बसून खेळता येईल असा एक खेळ इथे मांडत आहे. त्याचे नियम दोन मिनिटांत सांगून होतात, पण त्याच्या पोटात जे गणित आहे ते उलगडायला थोडा निवांतपणा लागतो.

या खेळाला इंग्रजीत ‘पिग’ म्हणतात. जॉन स्कार्न या अमेरिकन लेखकाने १९४५ साली फाशांवरील आपल्या पुस्तकात त्याचे वर्णन केले होते. आमच्या घरी मात्र त्याचे नाव ‘थांबू की टाकू’ असेच पडले आहे. खेळायला एक फासा, एक कागद आणि एक पेन्सिल पुरते. आपली पाळी आली की फासा हवा तितक्या वेळा टाकावा. २ ते ६ यांपैकी काहीही पडले तर ते दान त्या पाळीच्या गुणांत मिळवत जावे. १ पडला तर त्या पाळीत जमवलेले सगळे गुण जातात आणि फासा पुढच्या भिडूकडे जातो. १ पडण्याआधी आपण होऊन ‘थांबले’ म्हटले, तर जमलेले गुण कायमचे आपल्या नावावर लागतात. जो आधी १०० गाठेल तो जिंकला.

मुलांना समजावताना आम्ही दोन शब्द वापरतो, कच्चे गुण आणि पक्के गुण. चालू पाळीत जमलेले, म्हणजे अजून बुडू शकतील असे गुण कच्चे, आणि ‘थांबले’ म्हटल्यावर कागदावर चढले ते पक्के. हा भेद एकदा मनात बसला की खेळाचा सगळा पेच ध्यानात येतो. प्रत्येक दानानंतर भिडूसमोर एकच प्रश्न असतो, तो म्हणजे हातातले कच्चे गुण आत्ताच पक्के करावेत की आणखी मिळवण्यासाठी ते पणाला लावावेत. माझ्या मते या खेळाची खरी किंमत बेरजेच्या सरावापेक्षा या प्रश्नात अधिक आहे. तरीही बेरीज आधी येते, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करू.

अगदी लहान मूल फासा पडल्यावर ठिपक्यांवर बोट ठेवून ‘एक, दोन, तीन, चार’ असे मोजते. काही दिवस खेळल्यावर ते बोट आपोआप सुटते. तीन-चारपर्यंतच्या वस्तू माणसाला न मोजता, एका नजरेत कळतात. पाच आणि सहा मात्र ठिपक्यांच्या ठरावीक मांडणीमुळे ओळखीचे होतात, म्हणजे चार कोपरे आणि मध्ये एक, किंवा तिनाच्या दोन ओळी. संख्या म्हणजे मोजण्याची क्रिया नसून एक नग आहे, ही जाणीव इथे तयार होते. ती आल्याशिवाय पुढची बेरीज सुलभ होत नाही, म्हणून या टप्प्यावर मुलाची घाई करू नये.

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी १०० हे लक्ष्य फार लांबचे वाटते. त्यांच्यासाठी कागदावर १ ते ३० चौकटींची एक सरळ ओळ आखावी, त्यावर एखादे बटण सरकवावे आणि ३० हेच लक्ष्य ठेवावे. अशा सरळ ओळीचा उपयोग संशोधनातही दिसून आला आहे. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीच्या वयाची मुले १ ते १० आकड्यांच्या सरळ पटावर खेळली. दोन आठवड्यांत जेमतेम पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका झाल्या, तरी मुलांची संख्यांची समज सुधारली आणि ती नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. त्याच पटावर आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला खेळ खेळलेल्या मुलांत अशी सुधारणा दिसली नाही. पुढे २०१४ साली एलिडा लॅस्की आणि सीगलर यांनी दाखवून दिले की सोंगटी सरकवताना मूल काय उच्चारते यालाही महत्त्व आहे. सोंगटी १२ वर असेल आणि ३ पडले असतील, तर ‘एक, दोन, तीन’ म्हणण्यापेक्षा ‘तेरा, चौदा, पंधरा’ असे म्हणत सरकणारे मूल अधिक शिकते. हा बदल करायला काहीच खर्च लागत नाही, फक्त मोठ्यांनी आपली सोंगटी सरकवताना तसे मोठ्याने म्हणायला हवे.

बेरीज येणाऱ्या मुलांना कच्चे गुण मनातल्या मनात सांभाळायला सांगावे आणि फक्त पक्के गुण कागदावर लिहू द्यावेत. त्यामुळे तोंडी हिशेबाचा चांगला सराव होतो. प्रत्येक दानाला एक छोटी बेरीज, थांबल्यावर एक मोठी बेरीज आणि मनात सतत ‘शंभराला अजून किती?’ हा प्रश्न. पक्के गुण ८३ असताना मूल पुटपुटते, ‘सात दिले की नव्वद, मग दहा, म्हणजे सतरा’. या एका ओळीत वजाबाकी आली, दहाचे गट आले आणि शंभराचा पूरकही आला, आणि हे सगळे त्याने स्वतःच्या गरजेपोटी केले.

एक पाळी जवळून पाहू. माझी आठ वर्षांची पुतणी खेळत होती. तिचे पक्के गुण ४६ होते. तिने फासा टाकला, ६ पडले. मग ४. ‘दहा’, ती लगेच म्हणाली. मग ५, ‘पंधरा’. मग पुन्हा ४, ‘एकोणीस’. आता ती थबकली. फासा मुठीत घट्ट धरून तिने कागदाकडे पाहिले, ओठ हलले आणि ती म्हणाली, ‘सेहेचाळीस आणि वीस सहासष्ट, एक कमी, पासष्ट.’ हातचा घेऊन उभी मांडणी करायला तिला शाळेत शिकवले आहे. इथे मात्र एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, ही वाट तिने स्वतःच शोधली, कारण मुठीतला फासा खाली ठेवून पेन्सिल घ्यायची तिची तयारी नव्हती.

मग ती म्हणाली, ‘चार वेळा एक आला नाही, म्हणजे आता नक्की येणार.’ शेजारी बसलेली आजी सहज म्हणाली, ‘अगं, त्या फाशाला काय ठाऊक आधी काय पडलं ते?’ संभाव्यतेच्या अभ्यासातला एक मोठा मुद्दा त्या वाक्यात आला होता. फाशाला स्मृती नसते. मागच्या चार दानांत १ पडलेला नसो किंवा चारही वेळा १ पडलेला असो, पुढच्या दानात १ पडण्याची शक्यता सहांत एक इतकीच राहते. ‘बराच वेळ झाला नाही, म्हणजे आता होणारच’ हा समज मोठ्या माणसांतही इतका खोल रुजलेला असतो की तो नुसत्या सांगण्याने जात नाही. तो जायला शेकडो दाने स्वतःच्या हाताने टाकावी लागतात, आणि खेळात ती टाकली जातात.

इथे एक गोष्ट नीट वेगळी करून सांगायला हवी, कारण नेमका याच ठिकाणी गोंधळ होतो. ‘पुढच्या एका दानात १ पडेल का?’ हा एक प्रश्न आणि ‘पुढच्या चार दानांत कुठे तरी १ पडेल का?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नेहमी सहांत एक. दुसऱ्यासाठी उलट बाजूने विचार करावा. एका दानात १ न पडण्याची शक्यता सहांत पाच, म्हणजे सुमारे ८३ टक्के. दोन्ही दानांत न पडण्याची शक्यता त्या ८३ टक्क्यांचाही पाच षष्ठांश भाग, म्हणजे सुमारे ६९ टक्के. तीन दानांना ५८ टक्के आणि चार दानांना ४८ टक्के. म्हणजे पाळी सुरू करतानाच ‘मी चार वेळा टाकणार’ असे ठरवले, तर वाचण्यापेक्षा बुडण्याची शक्यता किंचित जास्त असते. पण तीन दाने सुखरूप पार पडल्यावर चौथ्याचा धोका मात्र पुन्हा सहांत एकच उरतो, कारण आधीची तीन दाने आता घडून गेलेली असतात.

गंमत अशी की या ४८ टक्क्यांच्या मागे एक जुनी कथा आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधील द मेरे या सरदाराला फाशांच्या खेळातले काही प्रश्न छळत होते. त्यांतला एक असा होता की एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा तरी सहा पाडणे फायद्याचे ठरते, मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा पाडणे तसे का ठरत नाही? पहिल्याची शक्यता सुमारे ५१.८ टक्के आहे आणि दुसऱ्याची सुमारे ४९.१ टक्के. आपल्या खेळातले ४८ टक्के म्हणजे १०० मधून तेच ५१.८ वजा केल्यावर उरणारा आकडा, फक्त सहाच्या जागी एक. द मेरेच्या प्रश्नांवरून १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेच्या शास्त्राची पायाभरणी त्याच पत्रांत झाली असे मानले जाते. त्या पत्रांतला मुख्य प्रश्न अर्धवट मोडलेल्या डावातली रक्कम भिडूंमध्ये न्याय्य रीतीने कशी वाटावी, हा होता. त्याचे उत्तर शोधताना जी कल्पना पुढे आली, तिला आज अपेक्षित मूल्य, म्हणजे तीच गोष्ट अनेकदा केली तर दर वेळी सरासरी किती मिळेल तो आकडा, असे म्हणतात, आणि ‘थांबू की टाकू?’ या आपल्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच आहे.

हे उत्तर मुलांना असे समजावता येते. समजा, तुझ्याकडे १२ कच्चे गुण आहेत आणि तू आणखी एकदाच टाकणार आहेस. आता तुझ्यासारखीच आणखी पाच मुले आहेत असे समज. सहाही जणांकडे १२ गुण आहेत आणि सहा जणांना फाशाच्या सहा बाजू एकेक करून वाटून दिल्या आहेत. ज्याला १ मिळाला त्याचे १२ गुण गेले. बाकीच्या पाच जणांना अनुक्रमे २, ३, ४, ५ आणि ६ मिळाले, म्हणजे सर्वांचे मिळून २० गुण वाढले. बुडाले १२, मिळाले २०, तेव्हा टाकणे फायद्याचे. आता हेच १२ च्या जागी ३० घेऊन कर. मिळाले पुन्हा २०च, पण एकाचे ३० बुडाले, तेव्हा थांबणे शहाणपणाचे. मिळणारे गुण नेहमी २० आणि बुडणारे गुण म्हणजे हातात असतील तितके कच्चे गुण. दोन्ही बाजू नेमक्या २० वर बरोबरीत येतात. म्हणून साधा नियम असा निघतो की कच्चे गुण विसाच्या आत असतील तर टाकावे, वीस किंवा अधिक झाले की थांबावे.

या रीतीने पाहिले तर १९ वर थबकलेल्या माझ्या पुतणीने टाकायला हवे होते. पण फरक किती? सहा जणांत मिळून २० मिळाले आणि १९ बुडाले, म्हणजे सहा जणांत एक गुण, अर्थात एकाच्या वाट्याला एका गुणाचा सहावा भाग. ती थांबली आणि ६५ वर गेली, यात तिचे काहीच चुकले नाही. चूक आणि बरोबर यांच्यामध्ये ‘थोडेसे बरे’ आणि ‘खूप बरे’ अशा पायऱ्या असतात, हे गणितात मुलांना क्वचितच दिसते, म्हणून मला हा भाग फार मोलाचा वाटतो. ज्या मुलाला विसापर्यंतची बेरीज अजून झेपत नाही, त्याने नुसती दाने मोजून पाचव्या दानाला थांबले तरी ते फारसे मागे पडत नाही. विसाच्या नियमाने खेळणाऱ्याला एका पाळीत सरासरी ८.१ गुण मिळतात आणि पाच दानांच्या नियमाने खेळणाऱ्याला ८ पेक्षा किंचित जास्त. त्यामुळे नातवंड आणि आजोबा जवळजवळ बरोबरीने खेळू शकतात.

हे आकडे पाहून एक शंका येते. विसाला थांबायचे, तर सरासरी आठच कशी? कारण विसापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक पाळ्या बुडतात. या नियमाने नेटाने खेळले तरी दर आठ पाळ्यांपैकी सुमारे पाच पाळ्या शून्यावर जातात, आणि १०० गाठायला साधारण बारा-तेरा पाळ्या लागतात. हे मुलांना खेळ सुरू करण्यापूर्वीच सांगून ठेवावे. योग्य निर्णय घेऊनही गुण बुडू शकतात आणि चुकीचा निर्णय घेऊनही कधी साधून जाते. सलग तीन पाळ्या बुडाल्यावर डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मुलाला ‘तू बरोबरच खेळलास, दान तसे पडले’ असे म्हणता येणे, हा त्या आकड्यांचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

विसाचा नियम चांगला असला तरी तो शेवटचा शब्द नव्हे, कारण इथे नुसते गुण जमवायचे नसून दुसऱ्याआधी शंभर गाठायचे असतात. समोरच्याचे ९६ झाले असतील आणि आपले ७० असतील, तर विसाला थांबून ९० करण्यात अर्थ नसतो, कारण पुढच्या पाळीत तो बहुधा जिंकेल. तेव्हा धोका पत्करून टाकत राहावे. उलट आपण बरेच पुढे असू तर थोडे आधी थांबले तरी चालते. टॉड नेलर आणि क्लिफ्टन प्रेसर या अभ्यासकांनी २००४ साली संगणकाच्या मदतीने दोन भिडूंच्या खेळातल्या प्रत्येक स्थितीसाठी उत्तम निर्णय काढून दाखवला. दोघेही तसे अचूक खेळले तर पहिली पाळी घेणारा सुमारे ५३ टक्के वेळा जिंकतो, असेही त्यातून दिसले. म्हणून दर डावाला पहिली पाळी आलटून पालटून द्यावी. ‘पहिला कोण?’ या भांडणाला मुलांच्या बाजूने गणिताचाही आधार आहे, हे त्यांना सांगितले की ती खूश होतात.

मोठ्यांसाठी मला एकच विनंती करावीशी वाटते. मूल बेरीज करत असताना उत्तर सांगून टाकू नका. आपल्याला तीन सेकंदांत येणारे उत्तर त्याला पंधरा सेकंदांनी येते, आणि त्या पंधरा सेकंदांतच शिकणे घडत असते. उत्तर चुकले तर ‘चुकलं’ म्हणण्यापेक्षा ‘कसं काढलंस?’ एवढे विचारावे. सांगता सांगता मूल निम्म्या वेळा आपली चूक आपणच पकडते. तसेच आपण स्वतः विचार करताना तो मोठ्याने करावा. ‘माझे पंधरा झाले, बुडाले तर पंधरा जातील, पण अजून टाकणं फायद्याचं दिसतंय’ असे आई म्हणते तेव्हा निर्णय कसा घेतात हे मुलाला ऐकू येते.

कधी खेळाला सुट्टी देऊन नुसता फासा साठ वेळा टाकावा आणि प्रत्येक आकडा किती वेळा पडला त्याच्या उभ्या रेघा ओढत जावे. मुलांचा अंदाज असतो की प्रत्येक आकडा बरोबर दहा वेळा येईल. प्रत्यक्षात कुणी सात वेळा येतो, कुणी तेरा वेळा. त्यात नवल काही नाही आणि फाशात खोटही नाही, साठ दानांत एवढे कमी-जास्त व्हायचेच. तसेच सहाशे दाने टाकली की सहा आकड्यांचे वाटे प्रमाणाने एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. सहाशे दाने एका बैठकीत कोणी टाकणार नाही, पण रोजच्या नोंदी भिंतीवरच्या कागदावर चढवत गेले तर महिनाभरात ती सहज होतात.

एक फासा सरावाचा झाला की दोन फासे घ्यावेत. दोहोंची बेरीज गुणांत धरावी, आणि कोणत्याही फाशावर १ पडला की कच्चे गुण गेले. इथे मुले हमखास म्हणतात की धोका दुप्पट झाला, म्हणजे छत्तिसांत बारा. तो प्रत्यक्षात छत्तिसांत अकरा असतो. पहिल्या फाशावर १ असण्याचे सहा प्रकार आणि दुसऱ्यावर १ असण्याचे सहा प्रकार धरताना ‘दोन्हींवर १’ हा प्रकार दोनदा मोजला जातो. सहा उभ्या आणि सहा आडव्या रकान्यांचा तक्ता काढून १ असलेल्या चौकटी मुलाला रंगवू द्याव्यात. कोपऱ्यातली चौकट रंगवताना ती आधीच रंगलेली दिसते आणि मूल स्वतःच थांबते.

काही दिवसांनी मुलांना नियम बदलावेसे वाटतात, आणि ते त्यांना बदलू द्यावेत. आमच्याकडे पुतणीने एकदा जाहीर केले की आजपासून धोक्याचा आकडा १ नाही, ६. आता कितीला थांबायचे? सहा मुलांची तीच गोष्ट पुन्हा मांडली. ज्याला ६ मिळाला तो बुडाला, बाकीच्यांना १, २, ३, ४ आणि ५ मिळाले. त्यांची बेरीज पंधरा, म्हणून पंधराला थांबायचे. मग तिने ३ धोक्याचा धरून पाहिला, तर अठरा आले. कागदावर १ पुढे २०, ३ पुढे १८ आणि ६ पुढे १५ असे लिहून ती बराच वेळ पाहत राहिली. मग पेन्सिल उचलून तिने कोणाला न विचारता ४ पुढे १७ लिहिले.